हुतात्मे भुयारात, माणूस लोकलच्या दारात

मुंबईची तिसरी मेट्रो ९ ऑक्टोबर २०२५ रोजी आरे ते कफ परेड अशी अखंड धावू लागली आणि आमच्या सीमाभागातल्या घराघरांत एक निराळाच आनंद पसरला. हा आनंद गाडीचा नव्हता. त्या गाडीने रोज जाणारे आमच्यात कितीसे आहेत? आनंद होता तो स्थानकांच्या नावांचा. आचार्य अत्रे चौक, जगन्नाथ शंकरशेट, गिरगाव, हुतात्मा चौक, विधान भवन! वाचनालयात वर्तमानपत्र वाचताना एका ज्येष्ठ स्नेह्याने ही यादी एखाद्या स्तोत्रासारखी मोठ्याने म्हणून दाखवली आणि म्हणाले, "बघा सर, मुंबई शेवटी आपलीच राहिली!"

मी त्या वेळी गप्प राहिलो, कारण वाचनालयात बोलू नये असा नियम आहे. दिवाळी अंकात तसा नियम नाही. म्हणून स्पष्ट सांगतो : माझा भुयारी रेल्वेला विरोध नाही, ती हवी, आणि अनेक वर्षे आधी हवी होती. माझा विरोध आहे तो या फुकाच्या अभिमानाला. भिंतीवर नाव लागले की माणूस राहिला, असे समजण्याची जी सवय आपल्या समाजाला जडली आहे, ती मोडल्याशिवाय मराठीचे कोणत्याही प्रांतात भले होणार नाही.

भुयारी रेल्वेविषयी आपल्याकडे तीन मते सर्रास ऐकू येतात. पहिले, ही निव्वळ उधळपट्टी आहे. दुसरे, बोगदा झाला, आता मुंबईकरांचे हाल संपले. तिसरे, मराठी नावे दिली, मराठीचे रक्षण झाले. तिन्ही मते चुकीची आहेत. पण त्यांतले तिसरे सर्वांत घातक आहे, कारण ते आपल्याला गोड लागते.

उधळपट्टीचे मत आधी पाहू. साडेतेहेतीस किलोमीटरचा मार्ग, सत्तावीस स्थानके, त्यांतली सव्वीस जमिनीखाली, आणि खर्च ३७,२७६ कोटी रुपये. म्हणजे किलोमीटरला अकराशे कोटींहून अधिक. आकडा ऐकून छातीत धस्स होते हे खरे. आमचे गणिताचे शिक्षक लगेच हिशेब मांडतात की एवढ्या पैशात किती शाळांच्या खोल्या झाल्या असत्या. हिशेब बरोबर, पण उदाहरणच चुकीचे. मुंबई हे दक्षिणोत्तर पसरलेले, दोन्ही बाजूंनी पाण्याने आवळलेले चिंचोळे शहर आहे. काळबादेवीच्या किंवा गिरगावच्या रस्त्यावर उभे राहून पाहावे : दोन्ही बाजूंना चार-चार मजली जुन्या चाळी, मध्ये हातगाड्या, आणि गॅलरीत वाळणारे कपडे रस्त्यावर झुकलेले. तिथे मेट्रोचे खांब उभारायचे म्हणजे लोकांच्या स्वयंपाकघरातच खांब रोवायचे. वर जागा नसेल तर खाली जावे लागते. लंडनला हे १८६३ साली उमगले. आपल्याकडे मुंबई-ठाणे आगगाडी सुटून तेव्हा जेमतेम दहा वर्षे झाली होती.

मग आपल्याला एवढा उशीर का झाला? जमिनीखालचे काम दिसत नाही म्हणून. नव्वदच्या दशकात मुंबईसाठी पंचावन्न उड्डाणपुलांची घोषणा झाली. पूल दुरून दिसतो, त्यावरून मोटार जाते, त्याखाली फलक लावता येतो. बोगद्याचे तसे नाही. पाच-सहा वर्षे रस्ते उखडलेले, धूळ, आवाज, शिव्याशाप, आणि दाखवायला काही नाही. निवडणूक पाच वर्षांनी येते. बोगदा पाच वर्षांत होत नाही. राज्यकर्त्याने पूल निवडला यात नवल नाही. आपण त्या पुलावर टाळ्या वाजवल्या, याचे मात्र नवल वाटते. मोटारीतून जाणाऱ्या थोड्यांसाठी सार्वजनिक पैसा हवेत बांधला गेला, आणि लोकलला लोंबकळणारे बहुसंख्य खालीच राहिले.

उशिराची किंमत ही अशी दामदुपटीने वाढते. मेट्रो तीनचा मूळ अंदाज होता २३,१३६ कोटींचा. कारशेड आरेत की कांजूरमार्गला, या वादात एक सरकार २०२० साली तिकडे गेले, दुसरे २०२२ साली परत आरेत आले. आरेतल्या झाडांसाठी रस्त्यावर उतरलेल्या तरुणांना मी दोष देत नाही. २०१९ च्या ऑक्टोबरात न्यायालयाचा निकाल येताच रातोरात दोन हजारांवर झाडे तोडली गेली आणि मग सर्वोच्च न्यायालयाला थांबा म्हणावे लागले, ही घाई कुणालाही शोभणारी नव्हती. दोष आहे तो आधी विचार न करता मागाहून भांडण्याच्या आपल्या राज्यपद्धतीला.

कोलकात्याचे उदाहरण तर पाठ्यपुस्तकात घालावे असे आहे. देशातल्या पहिल्या भुयारी रेल्वेची पायाभरणी इंदिरा गांधींनी डिसेंबर १९७२ मध्ये केली. पहिली गाडी धावली ती २४ ऑक्टोबर १९८४ रोजी, आणि तीही साडेतीन किलोमीटरहून कमी अंतरावर. दमदम ते टॉलीगंज हा पूर्ण मार्ग व्हायला १९९५ उजाडले. बाळ जन्मले तेव्हा खणायला घेतलेला रस्ता ते पदवीधर झाल्यावर पुरा झाला! पण आज कोलकात्यात कुणाला विचारा की ती रेल्वे नको होती का. एकही बंगाली हो म्हणणार नाही.

तेव्हा भुयार ही चैन नाही. मात्र भुयाराचेही एक शास्त्र आहे आणि ते न पाळणाऱ्याला जमीन क्षमा करीत नाही. बोगदा खणणारे यंत्र म्हणजे एखाद्या इमारतीएवढा लांबलचक लोखंडी नळा. पुढे फिरणारे पाते खडक खरवडते, मागे काँक्रीटचे तुकडे जोडून कडे बसवले जाते, आणि कडे व खडक यांच्यामधली फट दाबाखाली भरून काढली जाते. मुंबईत अशी सतरा यंत्रे चालली. त्यांना वैतरणा, तानसा, कृष्णा, गोदावरी, वैनगंगा अशी नद्यांची नावे होती. मिठी नदीच्या खालूनही बोगदा गेला. स्थानके मात्र यंत्राने होत नाहीत. रुंद रस्ता असेल तर वरून खड्डा घेऊन ती बांधतात. गिरगाव-काळबादेवीसारख्या दाटीत खालच्या खालीच कातळ थोडा थोडा फोडून, लगेच आधार देत पुढे जावे लागते. एक टप्पा चुकला की वरचे घर हलते.

कोलकात्यातच हे घडले. हुगळी नदीखालून बोगदा यशस्वीपणे काढणाऱ्या त्याच प्रकल्पात, ३१ ऑगस्ट २०१९ रोजी बऊबाजारात यंत्र पाण्याच्या झऱ्यावर गेले, माती वाहून आली आणि वरच्या जुन्या घरांना तडे गेले, काही कोसळली. शेकडो माणसांना नेसत्या वस्त्रांनिशी बाहेर पडावे लागले. २०२२ साली पुन्हा दोनदा तडे गेले. नदीखालून सुखरूप जाणारी विद्या सोनारांच्या गल्लीखाली अडखळली. नदीखाली कुणी राहत नाही. गल्लीत पिढ्यान्‌पिढ्या माणसे राहतात. भुयाराच्या नकाशात जमिनीवरचा माणूस दिसत नसेल, तर तो नकाशा अपुरा आहे, एवढे बऊबाजाराने सर्वांना शिकवले.

आता दुसरे मत. बोगदा झाला, हाल संपले? हा मार्ग कुठून कुठे जातो ते बघा. कफ परेड, विधान भवन, चर्चगेट, वरळी, वांद्रे-कुर्ला संकुल, विमानतळ, सीप्झ. म्हणजे जिथे कचेऱ्या आहेत, तिथून जिथे कचेऱ्या आहेत तिथे. पण त्या कचेऱ्यांत पाणी देणारा, फायली नेणारा, हिशेब लिहिणारा माणूस राहतो कुठे? माझ्या शाळेतून गेलेली आणि मुंबईत स्थिरावलेली मुले मला दिवाळीला भेटायला येतात. त्यांचे पत्ते मी वहीत लिहून ठेवतो : डोंबिवली, बदलापूर, कळवा, नालासोपारा, विरार. एकाचाही पत्ता मेट्रो तीनच्या साडेतेहेतीस किलोमीटरांत नाही.

ही मुले लोकलने येतात. मुंबईच्या लोकल रुळांवर एकट्या २०२३ साली अडीच हजारांहून अधिक माणसे मेली. हा आकडा मुंबई उच्च न्यायालयापुढे आला आणि न्यायमूर्तींनी रेल्वेला खडसावले. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याच्या वळणावर दोन गाड्या शेजारून जाताना दारात लोंबकळणारी माणसे खाली फेकली गेली. काही जण गेले. मग नव्या गाड्यांना आपोआप बंद होणारी दारे बसवण्याची घोषणा झाली. मेट्रोला पहिल्या दिवसापासून दार आहे, थंड हवा आहे, आणि फलाटाच्या कडेला काचेची भिंतही आहे. लोकलला दार बसवायला दीडशेहून अधिक वर्षे आणि इतकी प्रेते लागली. भुयारी मेट्रोच्या आरे ते कफ परेड प्रवासाला एका वेळचे ७० रुपये पडतात. जाऊन-येऊन १४०, महिन्याला पंचवीस दिवस धरले तर साडेतीन हजार. विरारहून येणाऱ्या शिपायाने लोकलच्या पासावर हे आणखी साडेतीन हजार कुठून आणायचे?

कुणी म्हणेल, सर, शहर पसरते, गरीब बाहेर जातो, हे जगभर चालते. मी म्हणतो, गरीब आपणहून जात नाही. त्याला ढकलले जाते. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात अडीच लाख गिरणी कामगार उतरले. संप बुडाला, गिरण्या बुडाल्या आणि गिरण्यांच्या जमिनी मात्र तरंगल्या. २००१ साली नियम बदलला, २००६ साली सर्वोच्च न्यायालयात तो टिकला, आणि कामगारांच्या व मोकळ्या मैदानांच्या वाट्याला यायची जमीन बरीचशी मनोऱ्यांखाली गेली. वरळीचा गिरणी कामगार बदलापूरला गेल्यावर आज वरळीला भुयारी गाडी आली आहे. गाडी आली तेव्हा प्रवासी निघून गेलेला होता. आता स्थानकाजवळ म्हणून त्या जागेचा भाव आणखी चढणार आणि उरलेलेही जाणार. सार्वजनिक पैशाने केलेल्या रेल्वेमुळे खासगी जमिनीचा भाव चढतो. तो चढलेला भाव ज्याच्या घशात जातो, त्याने बोगद्याला काय दिले, हा प्रश्न विधानसभेत कुणी विचारताना मी पाहिले नाही.

गिरगाव-काळबादेवीच्या बाबतीत एक गोष्ट बरी झाली. स्थानकांसाठी ज्या इमारती पाडल्या, तिथल्या भाडेकरूंना त्याच परिसरात घर द्यायचे, असे तत्त्व ठरले. हे तत्त्व रहिवाशांनी भांडून मिळवले आहे, कुणी दान दिलेले नाही. तरी मनोऱ्यातले घर म्हणजे मनोऱ्याचा खर्चही आला. लिफ्टचे, पाण्याचे, रखवालदाराचे पैसे दरमहा भरता येईनात म्हणून पुढची पिढी घर विकून निघाली, तर जागच्या जागी पुनर्वसन हा शब्द एका पिढीपुरताच खरा ठरेल.

आणि घाईचे काय? मार्ग आचार्य अत्रे चौकापर्यंत लोकांसाठी खुला झाला १० मे २०२५ रोजी. सोळा दिवसांनी, २६ मे रोजी, पहिल्याच जोराच्या पावसात त्या स्थानकात पाणी शिरले. बांधकाम चालू असलेल्या प्रवेशद्वाराची पाणी अडवणारी भिंत कोसळली होती. पाऊस लवकर आला, असे उत्तर मिळाले. मी तीस वर्षे परीक्षा घेतो. पेपर लवकर आला म्हणून अभ्यास झाला नाही, हे उत्तर मी नववीच्या मुलाचेही ऐकून घेत नाही.

आता तिसऱ्या मताकडे येतो. त्या पाण्यात बुडालेल्या स्थानकाचे पूर्ण नाव ठाऊक आहे काय? आचार्य अत्र्यांच्या नावापुढे एका म्युच्युअल फंडाचे नाव जोडलेले आहे! सिद्धिविनायकापुढे एक विमा कंपनी आहे. स्थानकांच्या नावांना जोडून नाव लावण्याचे हक्क महामंडळाने पैसे घेऊन दिले. ज्या अत्र्यांनी संयुक्त महाराष्ट्रासाठी 'मराठा' काढला आणि धनदांडग्यांना लेखणीने फोडून काढले, त्यांचे नाव घेण्याआधी प्रवाशाने गुंतवणुकीच्या व्यापाऱ्याचे नाव घ्यायचे. यावर अत्र्यांनी काय लिहिले असते, याची कल्पना प्रत्येक वाचकाने आपापल्या परीने करावी. महामंडळ म्हणेल, तिकिटावर भागत नाही, उत्पन्न हवे. उत्पन्न हवे तर आतल्या भिंतींवर जाहिराती लावा, गाळे भाड्याने द्या, आणि आधी म्हटल्याप्रमाणे भाव चढलेल्या जमिनीवर कर घ्या. पूर्वजांची नावे भाड्याने देऊ नका.

हुतात्मा चौकाचे तर दुखणेच वेगळे. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी तिथे गोळीबारात पंधरा माणसे पडली. पुढच्या जानेवारीत, १७ तारखेला, बेळगावात गोळ्या झाडल्या गेल्या. आपल्याही गावात हुतात्मा चौक आहे, आणि दर १७ जानेवारीला आपण तिथे डोके टेकवतो. मुंबईच्या हुतात्म्यांनी मागितलेली मुंबई मिळाली. आपल्या हुतात्म्यांनी मागितले ते २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दाखल झालेल्या दाव्यात पडून आहे; वीस वर्षे उलटली. म्हणून मुंबईत हुतात्म्यांच्या नावाचे स्थानक झाले की आपला ऊर भरून येतो. मला तो ऊर समजतो. पण मी विचारतो, मिळालेल्या मुंबईचे आपण काय केले? ज्यांच्यासाठी ती मिळवली, ते कल्याणच्या पलीकडे गेले. हुतात्मे भुयारात आणि माणूस लोकलच्या दारात, हा काही संयुक्त महाराष्ट्र नव्हे.

इथे बंगळूरचे उदाहरण दिले तर आपल्यातल्या काहींना राग येईल, येऊ द्या. २०१७ साली तिथल्या मेट्रोत हिंदी पाट्यांविरुद्ध कन्नड लोक उभे राहिले आणि त्या पाट्या काढायला लावल्या. पण ते पाटीवर थांबले नाहीत. मेट्रोत नोकऱ्या कुणाला, अर्ज कोणत्या भाषेत, खिडकीवरचा माणूस कोणत्या भाषेत बोलणार, हेही त्यांनी विचारले. सीमाभागात आपले त्यांच्याशी भांडण आहे आणि ते न्यायाचे आहे. पण ज्याच्याशी भांडतो त्याच्याकडून शिकू नये असे कुठे लिहिले आहे? आपण बेळगावात पाटीसाठी लाठ्या खातो आणि मुलाला मात्र मराठी शाळेतून काढतो. मुंबईत पालिकेच्या मराठी शाळा ओस पडल्या आणि स्थानके मराठी झाली. इथे आणि तिथे रोग एकच आहे. भाषा पाटीवर राहत नाही. ती घरात, शाळेत, बाजारात आणि रोजच्या प्रवासात राहते. माणसे हलली की भाषा हलते, मग मागे पाटी उरते, थडग्यावरच्या शिळेसारखी.

हा प्रश्न मुंबईपुरता नाही. पुण्यात २०२४ च्या सप्टेंबरात जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा भुयारी टप्पा सुरू झाला. कसबा आणि मंडईच्या खालून गाडी जाते, आणि पुढे कात्रजपर्यंत ती न्यायची आहे. इंदूरला ३१ मे २०२५ रोजी मेट्रोचा पहिला सहा किलोमीटरांचा तुकडा सुरू झाला. राजवाड्याच्या जुन्या वस्तीखालून भुयार कसे न्यायचे, यावर तिथे वाद झडले आहेत. तिथल्या मराठी कुटुंबांना माझे सांगणे आहे : स्थानकाला अहिल्याबाईंचे नाव मिळाले म्हणून समाधान मानू नका. बोगदा जाणार असेल तर जाऊ द्या, पण आपल्या वाड्याच्या भिंतीची आधी पाहणी करून ती कागदावर लिहून घ्या. पाडायचे झाले तर घर कुठे, कधी, किती मोठे, आणि त्याचा दरमहाचा खर्च कोण सोसणार, हे खोदकामाआधी विचारा. खोदकाम सुरू झाल्यावर विचारणाऱ्याला उत्तर मिळत नाही, तारीख मिळते.

माझ्या मागण्या पाच आहेत आणि त्या मुंबईसह प्रत्येक शहराला लागू आहेत. दाट जुन्या वस्तीत गाडी जमिनीखालूनच न्या. पैशाचे निमित्त सांगून डोक्यावर खांब आणू नका. वर राहणाऱ्यांची घरे वाकडी झाली तर भरपाई देण्याची जबाबदारी खोदण्यापूर्वीच लेखी घ्या. काम पुरे झाल्याशिवाय फीत कापू नका. मेट्रोचा पुढचा रुपया खर्च करताना लोकलच्या दारांचा रुपया आधी बाजूला काढा, आणि दोन्हींचा पास एकच करा; बदलापूरच्या माणसालाही भुयारात उतरता आले पाहिजे. आणि नावे विकू नका.

आपल्यासाठी, सीमाभागातल्या माणसांसाठी, सहावी मागणी आहे, ती आपणच आपल्याकडे करायची. पुढच्या खेपेला मुंबईच्या कुठल्याही स्थानकाला थोर मराठी नाव मिळाल्याची बातमी वाचाल, तेव्हा टाळी वाजवण्याआधी एवढेच विचारा : या स्थानकावर उतरून चालत घरी जाणारी मराठी माणसे किती उरली आहेत? उत्तर समाधानकारक असेल, तर टाळी मीही वाजवीन. तोवर हात खिशात ठेवू.